हात खिशात

पहिल्या रविवारी आत्याने तिघांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, "खिसे आहेत का?"

सरड्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकातून चढताना हाताला लावायची पांढरी पूड भुरभुरली. बँकवाल्याच्या पँटला सहा खिसे होते आणि सहाही बंद करायला बटणं होती. तिसरी ती; तिच्या विजारीला मात्र एकही नव्हता. चढताना खिसा आड येतो, म्हणून बारा वर्षं तिने बिनखिशाच्याच विजारी घेतल्या होत्या.

"उद्या शिवून घे," आत्या म्हणाली. "ज्याला हात ठेवायला जागा नाही, तो माझ्या काही कामाचा नाही."

आत्या तशी कुणाचीच आत्या नव्हती. साठी उलटलेली बुटकी बाई, डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. चाळीस वर्षं खडकावर काढलेली. आता ती वर्षातून एकदाच यायची आणि चांगल्या चढणाऱ्यांमधून म्होरके तयार करायची. ज्यांनी आयुष्यात दोराला हात लावलेला नाही अशा माणसांना खडकापर्यंत नेऊन, वर पाठवून, धडधाकट घरी परत आणतील असे म्होरके. चार रविवारांचा वर्ग. चौथ्या रविवारी खरेखुरे नवशिके, खरा खडक आणि आत्याच्या हातात कागद. पास झालात तर कागदावर सही, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू.

"तुम्हाला चढता येतं हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याचं मला कौतुक नाही. चढता तर माकडालाही येतं. माकडाने कधी क्लास काढल्याचं ऐकलंय?"

सरडा हसला. त्याला हे नाव आत्यानेच दिलं होतं. दिसली भिंत की चढला, आणि 'कसा चढलास' म्हटलं की 'चढलो' एवढंच सांगायचा.

"नियम एकच. समोरचा गाठ मारत असेल तेव्हा तुमचे हात खिशात. डोळे त्याच्या गाठीवर. त्याच्या जिवावर बेतणार असेल तरच हात बाहेर. बाकी काय ते तोंडाने."

हा नियम तिच्याइतका कुणाच्या मुळावर येणार नव्हता. तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे, तेही पहिल्याच तासापासून. तिने स्वतःचा पट्टा तीनदा ओढून पाहिला, मग बँकवाल्याचा ओढला, मग सरड्याच्या हेल्मेटची कडी लागलीय का म्हणून त्याच्या हनुवटीखाली बोट घातलं. "आली इन्स्पेक्टर!" तो ओरडला, आणि नाव चिकटलं.

पूर्वी ती अशी नव्हती. पूर्वी म्हणजे ठकी व्हायच्या आधी. तेव्हा ती रविवारी सकाळी पाठीवर दोर टाकून निघायची आणि घरचे विचारायचे तेव्हा 'जाऊन येते' एवढंच म्हणायची. मग ठकी झाली. ठकीबरोबर घरात भीतीही आली, आणि ती ठकीपेक्षा लवकर चालायला लागली. गॅस बंद आहे ना, खिडकीला कडी आहे ना, बादलीत पाणी तर राहिलं नाही ना. अडीच वर्षं तिने खडकाला पाय लावला नव्हता. चढाईचे बूट कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आणि ते बघायला लागू नयेत म्हणून त्यांच्यापुढे रजई.

मग एक दिवस चढाईच्या हॉलच्या मालकांचा फोन आला. शनिवारच्या नवशिक्यांच्या गटाला माणूस हवाय, तुमच्याइतकं अनुभवी कोण आहे, फक्त आत्याचा कागद आणा. तिने फोन ठेवला आणि रजई बाजूला केली. मनाशी मात्र एक गोष्ट ठरवून टाकली: कागद नाही मिळाला तर बूट विकायचे. रजईमागे ठेवून रोज स्वतःला फसवायचं नाही.

विजारीला खिसे सासूबाईंनी शिवून दिले. निळ्या विजारीला खाकी खिसे. "खोल शिवलेत," त्या म्हणाल्या. "तुझे हात मला माहीत आहेत. उथळ खिशात राहायचे नाहीत."

दुसऱ्या रविवारी आत्याने त्यांना हॉलमध्ये एका बाकावर बसवलं. समोर दुसऱ्याच कुणाचातरी नवशिक्यांचा गट चढत होता. भिंतीला रंगीबेरंगी खुंट्या, वरच्या कड्यातून खाली आलेले दोर. दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या चापातून गेलेलं. वरचा सुटला तर खालच्याने दोर आवळायचा. एवढंच तंत्र, त्यावर माणसाचा जीव.

"प्रत्येकाने दहा गोष्टी लिहा," आत्या म्हणाली. "चुका लिहायच्या नाहीत. ही माणसं काय करतात, ते लिहायचं."

सरड्याने पाच मिनिटांत वही मिटली. 'पाय वापरत नाहीत' हे त्याने दहा वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं होतं. बँकवाल्याने तक्ता आखला. ती मात्र सातव्या ओळीवर अडकली. तिने लिहिलं होतं, 'अडकले की खडकाकडे बघत नाहीत. खाली बघतात.' मग 'खाली' खोडून लिहिलं, 'खालच्याच्या चेहऱ्याकडे.'

हे खरं आहे का? ती पेन्सिल तोंडात धरून मोजायला लागली. अकरा माणसं चढली. अडकल्यावर त्यातली नऊ जणं आधी दोर धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. हातापासून वीतभर अंतरावर मोठी लाल खुंटी असायची, ती दिसायची नाही. तीन मजले खालचा चेहरा मात्र दिसायचा. हे अजबच होतं. बारा वर्षं ती दोर धरून खाली उभी राहिली होती, आणि आपल्याकडे कुणी असं बघतं हे तिला ठाऊकच नव्हतं. कारण तिचे जोडीदार सगळे सरडे. त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

आत्याने वही वाचली. "का बघत असतील?"

"माहीत नाही."

"मग शोध," आत्या म्हणाली आणि पुढे गेली.

उत्तराचा अर्धा भाग तिला मंगळवारी घरच्या फरशीवर सापडला. ठकी सोफ्याच्या हातावरून घसरली आणि धपकन खाली बसली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. डोळे आधी आईकडे वळले. आईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं, आणि मग कुठे ठकीने भोकाड पसरलं.

तिला पटकन काहीतरी दिसलं. बुधवारी ठकी पुन्हा पडली (ती रोज पडायचीच), तेव्हा तिने पोस्टाच्या खिडकीमागच्या बाईसारखा चेहरा केला. ना हसू, ना रडू, पुढचा कोण. ठकीने बघितलं, क्षणभर विचार केला आणि उठून चालू लागली.

"पोर पडली आणि तू ढिम्म?" स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या.

"प्रयोग चाललाय, आई."

"माझ्या नातीवर? दुसरं कुणी मिळालं नाही?"

पण गुरुवारी प्रयोग फसला. ठकी खुर्चीवर चढून टेबलावर गेली आणि तिथे अडकली. तिने तोच पोस्टातला चेहरा केला, तर ठकी आणखीनच जोरात रडली. म्हणजे कोरा चेहरा हे काही उत्तर नव्हतं. पडून झालेल्या माणसाला तो चालतो, अडकलेल्याला नाही. मग अडकलेल्याला कसला चेहरा हवा असतो? तिने शुक्रवारी आरशासमोर उभं राहून धीराचा चेहरा करून पाहिला. ठकीच्या बाबाने दाढी करता करता विचारलं, "दात दुखतोय का?"

तिसऱ्या रविवारानंतर गृहपाठ होता: ज्याला काही येत नाही अशा माणसाला, हात न लावता, आठाची गाठ शिकवा. दोर कमरेला बांधायची ती गाठ. आठाचा आकडा काढायचा, मग तोच आकडा दोराच्या टोकाने पुन्हा गिरवायचा. तिला ती अंधारात, पाठमोरी, झोपेतही मारता यायची. तिने सासूबाईंना सोफ्यावर बसवलं, दोराचा तुकडा दिला, आणि खाकी खिशांत हात घातले.

"आता टोक वरून घ्या. नाही, वरून म्हणजे मागून. मागून नव्हे हो, तुमच्या मागून, माझ्या पुढून..."

"अगं, एक काय ते ठरव."

"आता ते बोळातून बाहेर काढा."

"कुठला बोळ? इथे मला तीन बोळ दिसतायत."

तिचे हात इतके शिवशिवले की एका खिशाची शिवण उसवली. दहा मिनिटांनी सासूबाईंनी दोर मांडीवर ठेवला, चष्मा पुसला आणि गाठीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे टोक ज्या वाटेने आलं, त्याच वाटेने परत घरी न्यायचं. एवढंच ना? दोन दोर शेवटपर्यंत जोडीने चालले पाहिजेत."

"हो."

"मग असं सांग की! वरून, मागून, बोळ, गल्ली, काय लावलंय?" आणि त्यांनी गाठ घातली. पहिल्या फटक्यात. तिने ती तीनदा तपासली, चूक नव्हती.

चौथा रविवार उजाडला तो ढगाळ. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत परीक्षा होती. खाण बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली, तीन मजल्यांइतकी उंच करडी भिंत, पायथ्याशी खडी. सकाळी सरड्याचा गट झाला. त्याने 'बघा, असं' म्हणत स्वतःच सर्रकन माथा गाठला, आणि गट खाली माना वर करून उभाच राहिला. आत्याने कागदावर एकच ओळ लिहिली आणि त्याला बाजूला बसवलं.

तिच्या वाट्याला आले ते बसडेपोचे चौघं. निवृत्तीला सहा महिने राहिलेले ड्रायव्हरकाका, अंगाने भारदस्त. त्यांच्याच गाडीवरच्या कंडक्टरबाई. आणि वर्कशॉपमधले दोन मेकॅनिक, जे एकमेकांशीच आणि तेही खुणांनी बोलायचे.

ती डोळ्यांत तेल घालून कामाला लागली. वरचे खिळे, कड्या, दोर हे सगळं तिने सकाळी आत्याच्या देखत तीनदा पाहिलं होतं. आता पट्टे, हेल्मेटं, कड्या. मग गाठ. "टोक ज्या वाटेने आलं त्याच वाटेने परत घरी न्यायचं," ती म्हणाली आणि हात खिशात घातले. चौघांनीही गाठ बरोबर मारली. एक मेकॅनिक तर दुसऱ्याला म्हणाला, "सोपंय की," आणि ते त्याचं दिवसभरातलं सगळ्यात मोठं भाषण ठरलं. तिने डोळ्यांनी तपासलं, मग एकमेकांना तपासायला लावलं, मग स्वतःचा चाप कंडक्टरबाईंना तपासायला दिला. तिचा जीव भांड्यात पडला. भीतीने आठवण करून दिलेली एकूण एक गोष्ट झाली होती.

"पहिलं कोण?"

"गाडी पुढे न्यायची तर ड्रायव्हरच लागतो," काका म्हणाले.

आणि काका चढले. हळूहळू, फुसफुसत, पण नेटाने. मधेच थांबले की खालून कंडक्टरबाई ओरडायच्या, "पुढे चला, पुढे चला, पुढे जागा आहे!" मेकॅनिक हसायचे. ती दोर घेत होती, एक हात वर, एक हात खाली, चापातून दोर सरकत होता. काका माथ्याच्या कडीपर्यंत पोचले आणि त्यांनी कडीवर थाप मारली. खाली टाळ्या झाल्या.

"शाब्बास काका! आता मागे झुका आणि हात सोडा. मी खाली घेते."

"काय करू?"

"हात सोडा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग खडकाला आणखी घट्ट मिठी मारली. "नाही," ते म्हणाले.

"मी धरलंय, काका. तुम्ही सोडा फक्त."

"ते तुम्ही म्हणताय!"

आणि त्या क्षणी तिला आठवलं. आत्याने तिसऱ्या रविवारी दिलेल्या नऊ गोष्टींच्या यादीतली नववी. वर पाठवण्याआधी प्रत्येकाला जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर नेऊन दोरावर बसवायचं. हात सोडून, मागे झुकून, दोर आपलं वजन घेतो हे त्याच्या अंगाला कळू द्यायचं. तिने ते केलंच नव्हतं. आठ गोष्टी तीन-तीनदा तपासल्या आणि नववी एकदाही नाही.

कशी विसरले? विचारता विचारताच तिला कारण लख्ख दिसलं. पट्टा, गाठ, कडी, खिळा या सगळ्यांची तिला भीती वाटायची, म्हणून ते सगळं लक्षात राहिलं. दोरावर मागे झुकायची मात्र तिला कधीच भीती वाटली नव्हती. बारा वर्षं ती दोरावर अशी बसायची जशी माणसं घरी आरामखुर्चीत बसतात. भीतीने यादी केली होती, आणि भीतीला जे माहीत नव्हतं ते यादीतून गळलं होतं.

हे सगळं तिच्या चेहऱ्यावर आलं असणार, कारण वरून बघणाऱ्या काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचे गुडघे शिलाई मशीनसारखे हलायला लागले.

तिने आत्याकडे पाहिलं. आत्या घडीच्या स्टुलावर बसली होती. कागद मांडीवर, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात.

"मी जाऊ का वर?" मागून सरडा म्हणाला. "एका मिनिटात आणतो त्यांना."

आणलंच असतं त्याने. पण मग ती दुसऱ्याने केलेली सुटका ठरली असती आणि तिची परीक्षा तिथेच संपली असती; हे आत्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रजईमागचे बूट तिच्या डोळ्यांपुढे आले. तिने ते बाजूला सारले. काकांना सुटका हवी असेल तर ती व्हायला हवी, कागद गेला खड्ड्यात. पण हवी आहे का? दोर ताणलेला होता. हात सुटले तरी काका वीतभर खाली येऊन लोंबकळले असते, एवढंच. धोका नव्हता, फक्त ते काकांच्या अंगाला माहीत नव्हतं.

"थांब जरा," ती सरड्याला म्हणाली. मग वर ओरडली, "काका, खाली बघू नका!"

"मग कुठे बघू? इथे दगड आहे!"

कंडक्टरबाईंना हसू आलं, त्यांनी तोंडावर हात धरला. तिचे दोन्ही हात दोरात अडकलेले. काही ओढायची, खोचायची, सरळ करायची सोय नाही. हे उंटावरून शेळ्या हाकणं नव्हतं, खालून उंट हाकणं होतं.

वरून काका काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"ब्रेक कुठाय म्हटलं ह्याला?"

ब्रेक? तिने मान वर केली. हा माणूस नक्की काय विचारतोय? क्षणभर ती काळजी करायची विसरली. "कसला ब्रेक, काका? नीट सांगा बरं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या गुडघ्यांची शिलाई जरा मंदावली. "बत्तीस वर्षं गाडी चालवली मी. ब्रेक माझ्या पायाखाली असतो. इथे पायाखाली काहीच नाही. ब्रेक कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. माझ्या उजव्या हातात. दिसतोय का हात? मांडीजवळ?"

"दिसतोय." आता ते तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे बघत होते. "लागतो का पण?"

"दाबून दाखवू?"

"दाखवा."

तिने वीतभर दोर ढिला सोडला. "आत्ता सैल लागतंय?" मग आवळला. "आणि आता?"

"कमरेला ओढ लागली."

"तो ब्रेक. पुन्हा बघायचाय?"

"बघायचाय."

चार वेळा झालं. सैल, घट्ट. सैल, घट्ट. चौथ्या वेळी काका नुसतेच "हं" म्हणाले. पंक्चर काढून झाल्यावर चाकाला लाथ मारून माणूस म्हणतो तसं. पण हात काही खडकावरून निघेनात.

'सोडा' म्हणून उपयोग नाही, हे तिला आता कळत होतं. ठकीच्या हातात कात्री सापडली की 'सोड' म्हटल्यावर ती मूठ आणखी आवळते. कात्री सुटते ती दुसऱ्या हातात चमचा दिल्यावर.

"काका, काही सोडू नका. काहीतरी धरायचंय. गाठीच्या वरचा दोर आहे ना, तो उजव्या हाताने धरा."

उजवा हात खडकावरून निघाला आणि चटकन दोरावर गेला.

"आता डाव्यानेही तोच धरा. घट्ट."

डावाही गेला. काका दोन्ही हातांनी दोर धरून उभे होते, आणि खडक कधी सुटला हे त्यांना कळलंच नव्हतं.

"आता गाडीत बसता तसे बसा. सीट जरा मागे आहे. पाय समोर, क्लच-ब्रेकवर ठेवल्यासारखे."

काका बसले. दोर करकरला, वजन तिच्या कमरेला आलं, आणि तो भारदस्त माणूस करड्या भिंतीपुढे हवेत खुर्चीत बसल्यासारखा बसला. त्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. आरशात बघावं तसं.

"टिंग टिंग!" कंडक्टरबाई ओरडल्या.

तिने त्यांना सावकाश खाली घेतलं. पाय खडीला लागले तरी काकांनी दोर धरलेलाच होता. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक सांगू? राग मानू नका. उतार लागायच्या आधी ब्रेक दाबून बघायचा असतो. आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवतात."

सावरून घेणं सोपं होतं. 'असं होतंच पहिल्यांदा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. सरडासुद्धा तिच्याकडे बघत होता.

"आम्हालाही शिकवलं होतं," ती म्हणाली. "मी विसरले. चूक माझी. तुम्हाला वर पाठवायच्या आधी मी तुम्हाला इथेच, खाली, दोरावर बसवून बघायला हवं होतं. आता कुणीही वर जायचं नाही. आधी सगळे कमरेइतकं चढायचं आणि बसायचं. काका, तुम्हीसुद्धा."

"मी तर उतरलो!"

"म्हणूनच. तुम्ही त्यांना सांगा कसं वाटतं ते."

मग अर्धा तास दगडखाणीत भलतंच दृश्य होतं. माणसं हातभर चढत होती आणि दोरावर बसून हलत होती. काका शेजारी उभे राहून सूचना देत होते, "ब्रेक दाबून बघ आधी! सीट मागे घे!" कंडक्टरबाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "तिकीट काढलं का?" एका मेकॅनिकने दोराचा ताण बोटाने वाजवून पाहिला आणि दुसऱ्याकडे बघून मान डोलावली. त्यानंतर तिघंही माथ्यापर्यंत जाऊन आले. काका दुसऱ्यांदा गेले. वरून त्यांनी नुसती हाक मारली, "ब्रेक?" आणि ती खालून म्हणाली, "माझ्याकडे."

गट गेल्यावर आत्याने तिला स्टुलाजवळ बोलावलं. तिने दोर गुंडाळून ठेवला आणि हात खिशात घालून उभी राहिली. एका खिशाला अजून सुई लागायची होती.

"काका पहिल्या पकडीला हात घालत होते तेव्हाच मला कळलं की तू नववी विसरलीस," आत्या म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"दोर पक्का होता. वरचं सगळं तू तीनदा बघितलंस, मी एकदा. पडले असते तर वीतभर." आत्याने खिशातून हात बाहेर काढले. वाकड्या बोटांच्या तळव्यात नखांचे चार लाल चंद्र उमटले होते. "हात खिशात होते. मुठी कशा होत्या ते विचारू नकोस."

कागदावर आठ खुणा होत्या. नवव्या ओळीपुढे खूण नव्हती. तिथे आत्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'उशिरा. पण स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि मग सगळ्यांना करायला लावलं.' त्याखाली सही.

तिने सही दोनदा वाचली. "हा शेरा असाच राहणार? हॉलचे मालक वाचतील."

"वाचू देत. तूही वाचत जा, दर शनिवारी, गट यायच्या आधी." आत्या स्टूल घडी करायला लागली, मग थांबली. "आणि ते चेहऱ्याचं काय झालं? सापडलं का काही?"

"अर्धंच," ती म्हणाली. "मी घाबरले तेव्हा ते घाबरले. धीर द्यायला गेले तेव्हाही घाबरले. पण ब्रेक म्हणजे काय म्हणतायत हे मला खरंच कळेना, आणि मी विचारलं, तेव्हा ते जरा थांबले. का, ते माहीत नाही."

"मलाही नाही," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. तुला कळलं तर फोन कर."

घरी पोचली तेव्हा सासूबाई फोनवर होत्या आणि ठकीचा बाबा गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होता. तिने गाऊन घातला, कागद फ्रिजवर लावला, बूट धुवून खिडकीत ठेवले. वळून बघते तर ठकीने खुर्ची ढकलत ढकलत फडताळापर्यंत आणली होती. एक पाय खुर्चीवर, एक हात पहिल्या फळीवर, डोळे तिसऱ्या फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यावर.

तिचे हात आपोआप पुढे गेले. मग तिने ते खिशात घालायला खाली नेले, तर गाऊनला खिसेच नव्हते. शेवटी तिने ते पाठीमागे एकमेकांत अडकवले आणि धरायची वेळ आली तर पोचता येईल इतकी जवळ जाऊन उभी राहिली.

"ठके," ती म्हणाली, "वर जाशील. पण उतरणार कशी?"

ठकीने वळून आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर ना रागाचं काही होतं, ना धीराचं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ठकीने बराच वेळ विचार केला. मग फळी न सोडता मान वाकवली आणि खालची फरशी पहिल्यांदाच बघावी तशी निरखून बघू लागली.